सायकलचे कुलूप : मोकळ्या जागेचे गणित

सायकलच्या दुकानात कुलूप मागितले की दुकानदार आधी बजेट विचारतो आणि गिऱ्हाईक कुलूप हातात घेऊन त्याची जाडी चाचपते. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. पहिल्यांदा पाहायची ती कुलपाच्या पोटातली मोकळी जागा. कुलूप लावल्यावर त्याच्या वेढ्यात सायकल आणि खांब यांच्याखेरीज जी पोकळी उरते, तिच्यातच चोराचे हत्यार शिरते. ही पोकळी जितकी कमी, तितके कुलूप फोडायला अवघड आणि तितकेच सायकलवरून न्यायला सोपे. कुलूप कोणते घ्यावे, सायकलला कसे लावावे आणि बरोबर कसे न्यावे, हे तीन प्रश्न एरवी सुटे सुटे चर्चिले जातात. माझे म्हणणे असे की तिन्हींची उत्तरे एकाच मापातून निघतात. ते माप म्हणजे वेढ्याची लांबी.

उदाहरणे मी पुण्यातली घेतो. सायकलींचे शहर ही पुण्याची ओळख आता मागे पडली असली तरी तिथल्या एकाच फुटपाथवर दोन अगदी वेगळ्या सायकली उभ्या दिसतात. एक असते पेपर टाकणाऱ्या मुलाची किंवा रात्रपाळीच्या वॉचमनची काळी, जड, कॅरिअरवाली. दुसरी असते पहाटे सिंहगडाच्या रस्त्याला लागणाऱ्या हौशी सायकलपटूची, हलकी आणि गिअरची. पहिलीची किंमत दुसरीच्या एका चाकाइतकी नसेलही, पण ती गेली तर दुसऱ्या दिवशीची कमाई अडते. कुलपांवरच्या लेखनात सारा विचार दुसरीचाच होतो. मला तो अन्याय वाटतो, म्हणून पुढे दोन्हींचा हिशेब बरोबरीने मांडतो.

चोराची हत्यारे

सायकल कायमची सुरक्षित करील असे कुलूप नसते. कुलूप चोराचा वेळ खाते, त्याला आवाज करायला लावते आणि मोठे हत्यार बाळगायला भाग पाडते. ब्रिटनमधली ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था १९९२ पासून कुलपांची परीक्षा याच तत्त्वावर घेते: हत्यारे ठरलेली, वेळ ठरलेला, आणि कुलूप किती टिकले त्यावरून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी श्रेणी. नेदरलँड्समध्ये ‘एआरटी’ ही संस्था अशाच परीक्षेनंतर तारे देते. आपल्या बाजारातल्या बहुतेक कुलपांच्या वेष्टनावर कोणतीच श्रेणी छापलेली नसते. त्यामुळे ग्राहकाने हत्यारापासून सुरुवात करून कुलपापर्यंत यावे हे उत्तम.

कापण्याच्या हत्यारांत पक्कड, केबल कटर आणि बोल्ट कटर येतात. बोल्ट कटरचे लांब हात हाताच्या जोराची अनेक पटींनी वाढ करून तो आखूड जबड्यात आणतात. दहा मिलिमीटरपर्यंतची कडी मोठ्या कटरपुढे टिकत नाही. कठीण केलेले पोलाद १४ मिलिमीटरला पोचले की काम बरेच अवघड होते आणि १६ च्या पुढे हाताच्या कटरने ते जवळपास अशक्य ठरते. एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. कटरचा एक हात जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर सगळे अंग टाकता आले, तर नुसत्या दंडांच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त बळ लागू होते. म्हणून जमिनीवर लोळणारी साखळी कमजोर आणि तीच साखळी गुडघ्याच्या वर घट्ट बसवली तर मजबूत. पोलादात काहीच बदललेले नसते.

उचकटण्याच्या हत्यारांना, म्हणजे पहार, कटावणी आणि गाडीच्या जॅकला, आधी आत शिरायला जागा लागते. सर्वांत स्वस्त पहार तर सायकल स्वतःच असते: कुलूप ढिले असेल तर चौकट खांबाभोवती पिळून कुलपावर जोर आणता येतो. छिन्नी-हातोडीला मागे ठोकायचा आधार लागतो, आणि कुलूप जमिनीला किंवा कठड्याला टेकले असेल तर तो आयता मिळतो.

बॅटरीवरच्या ग्राइंडरचे प्रकरण वेगळे. त्याला पोकळी लागत नाही, बळ लागत नाही. फक्त ठिणग्या आणि कर्कश आवाज सोसायची तयारी लागते. यू-लॉकच्या, म्हणजे इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या कुलपाच्या, साध्या पोलादी कमानीला तो एक-दोन मिनिटांत कापतो. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या हिपलॉक आणि लाइटलॉक या कंपन्यांनी यावर उपाय काढला आहे. त्यांच्या कमानीवर असा मिश्र पदार्थ असतो की कापणारी चकतीच झिजून संपते. या कुलपांचे वजन पावणेदोन किलोच्या आसपास असते आणि ती महाग आहेत. भर दुपारी लक्ष्मी रोडवर ग्राइंडर चालवायला कुणी धजावणार नाही, पण सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पहाटे तीन वाजता तो धोका खरा आहे. पुण्यात महागड्या सायकली गेल्याच्या बातम्यांत सोसायटीचे पार्किंग वारंवार येते, हे विसरू नये.

लांबी, जाडी, वजन

आता मूळ गणित. यू-लॉकची कमान म्हणजे वाकवलेली गोल दांडी. तिचे वजन लांबी आणि छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरते. पोलादाची घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम धरली तर १२ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर दांडीचे वजन ८९० ग्रॅमच्या घरात येते, १६ मिलिमीटरचे १,५८० ग्रॅमच्या.

समजा, एका लांबट यू-लॉकची कमान ६० सेंटिमीटर दांडीची आणि १२ मिलिमीटर जाडीची आहे. वजन सुमारे ५३० ग्रॅम. तेच वजन ठेवून कमान ४२ सेंटिमीटरवर आणली, तर उरलेले पोलाद जाडीत घालता येते आणि व्यास १४.३ मिलिमीटर होतो. छेदाचे क्षेत्रफळ ४३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे कटरला तितके जास्त पोलाद कापावे लागेल. वाकण्याला होणारा विरोध तर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो सुमारे ७० टक्क्यांनी वाढला. शिवाय पाय आखूड झाल्याने जॅकची किंवा पहारेची तरफही आखूड झाली. एका मापाला कात्री लावली आणि तीन बाजूंनी फायदा झाला, तोही एक ग्रॅम न वाढवता.

कुलपाचे बळ असे मापात असते, किमतीत नव्हे. म्हणूनच ‘किमतीच्या दहा टक्के कुलपावर खर्च करा’ हा सायकलविश्वातला जुना सल्ला मला पटत नाही. पाच हजारांच्या सायकलीसाठी तो पाचशे रुपयांच्या केबलवर नेऊन सोडतो, आणि ज्या माणसाला दुसरी सायकल घेणे परवडत नाही त्यालाच सर्वांत कमजोर कुलूप सुचवतो. चोर सायकल आणि कुलूप यांच्या किमतींचे गुणोत्तर काढत नाही. तो शेजारच्या सायकलीच्या मानाने ही किती लवकर सुटेल ते पाहतो.

पोलादाच्या जाडीइतकाच त्याचा कठीणपणा महत्त्वाचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी कितीही जाड दिसली तरी मऊ पोलादाची असते आणि हॅक्सॉच्या पात्याने सावकाश पण नक्की कापली जाते. चांगल्या कुलपाच्या दांडीचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट ठेवलेला असतो. सगळीच दांडी कठीण केली तर हातोडीच्या घावाने ती तडकेल. घरच्या घरी पाहायचे तर न दिसणाऱ्या जागी कानस फिरवावी: मऊ पोलादात ती चर पाडते, कठीण पोलादावरून घसरते.

कोणते कुलूप

केबलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. तिची जाडी बहुतांशी प्लास्टिकच्या आवरणाची असते. आत बारीक तारांचा पीळ असतो आणि त्या चार-चार करून पकडीने तुटतात. मुख्य कुलूप म्हणून केबल वापरू नये. पुढचे चाक किंवा सीट अडकवायला दुय्यम म्हणून चालेल. तिच्याबरोबर येणाऱ्या चार आकड्यांच्या कुलपात दहा हजार जुळण्या असतात हे खरे, पण स्वस्त कुलपांत केबल ताणून धरली आणि एकेक चकती फिरवली की बरोबर आकड्यावर बोटांना फरक जाणवतो.

किल्लीच्या कुलपांचाही एक धडा इतिहासात आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीने यू-लॉक रूढ केले आणि सायकलचे कुलूप म्हणजे साखळी ही समजूत मोडली. २००४ मध्ये मात्र उघड झाले की गोल नळीसारख्या किल्लीची अशी कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात. ही यंत्रणा इतर कंपन्याही वापरत होत्या. क्रिप्टोनाइटने मोठ्या प्रमाणावर कुलपे बदलून दिली आणि या व्यवसायात चपट्या किल्लीच्या, चकत्यांच्या यंत्रणा रूढ झाल्या. आजही एखाद्या दुकानात जुना माल पडून असू शकतो. गोल नळीची किल्ली दिसली तर ते कुलूप, कमान कितीही जाड असली तरी, घेऊ नये.

यू-लॉकमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी: कमानीचे दोन्ही पाय आडव्या दांड्यात अडकतात की एकच. एकच अडकत असेल तर कमान एका ठिकाणी कापली की ती फिरवून काढता येते. दोन्ही अडकत असतील तर बहुधा दोनदा कापावे लागते. घडीचे कुलूप, म्हणजे पट्ट्या खिळ्यांनी जोडलेले, सुबक घडी होऊन चौकटीवर बसते. पण त्याची ताकद प्रत्येक सांध्याच्या खिळ्यापुरतीच असते. ज्यांना दिवसात अनेक ठिकाणी थोडा थोडा वेळ थांबायचे असते त्यांना ते सोयीचे आहे.

माझा खरा जिव्हाळा आहे तो काळ्या सायकलच्या मागच्या चाकावरच्या घोड्याच्या नालेसारख्या कुलपाशी. दोन बोल्टांनी ते मागच्या नळ्यांवर कायमचे बसवलेले असते. खटका ओढला की दांडी स्पोकमधून आरपार जाते आणि चाक अडते. उघडे असताना किल्ली त्यातच अडकून राहते, त्यामुळे ती हरवत नाही. ते बरोबर न्यावे लागत नाही, विसरता येत नाही, लावायला दोन सेकंद पुरतात. पेपर टाकणाऱ्या मुलाला सकाळभर शंभर जिन्यांपाशी थांबायचे असते. त्याला यू-लॉक सुचवणे म्हणजे त्याचे काम न समजणे. नेदरलँड्समध्ये, जिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, हेच कुलूप घराघरात वापरले जाते.

त्याची उणीव मात्र मोठी आहे: सायकल कशालाही बांधलेली नसते. मागचे चाक उचलून ती ढकलत नेता येते किंवा टेम्पोत टाकता येते. डिसेंबर २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर आणि औंध इथे सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, तेव्हा त्या सायकलींना मोबाइलने उघडणारे असेच चाकाचे कुलूप होते. खांबाला बांधायची सोयच नव्हती. थोड्याच काळात तोडफोडीच्या आणि सायकली गायब झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. डच लोकांनी यावर उपाय शोधला आहे. साखळीच्या टोकाला एक खिळ असते आणि ती या चाकाच्या कुलपातच बसते. दोन मिनिटांचे काम असेल तर नुसते कुलूप, तासाभराचे असेल तर साखळी खांबाभोवती घालून त्याच कुलपात अडकवायची. असे जोडकुलूप आपल्या काळ्या सायकलीला सर्वांत शोभेल आणि आपल्या कारखानदारांनी ते स्वस्तात बनवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सायकलीला आणि खांबाला

कुलपात काय काय धरायचे? चौकट, मागचे चाक आणि खांब, या क्रमाने. पुढचे चाक स्वस्त असते. मागच्या चाकात हब, दात्यांची चक्री आणि सर्वांत जास्त मजुरी असते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले सायकल-मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. मागच्या चाकाच्या रिमभोवती, पण चौकटीच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, छोटे यू-लॉक घालायचे आणि तेच खांबाला अडकवायचे. सीटची नळी कुलपात नसली तरी चालते, कारण अडकलेले चाक त्रिकोणातून निघत नाही आणि चाक निघाल्याशिवाय चौकट सुटत नाही. रिम कापून मोकळे होता येईल, अशी शंका येते. पण रिमची रचना तिला राखते. ताणलेले स्पोक रिमला सर्व बाजूंनी आत ओढत असतात, त्यामुळे रिम परिघाच्या दिशेने दाबाखाली असते. करवतीचा चर खोल जाऊ लागला की त्याच्या कडा एकमेकींकडे सरकतात आणि पाते आवळून धरतात. त्याआधी टायर आणि त्याच्या कडांतल्या तारा कापाव्या लागतात त्या वेगळ्याच. आणि एवढे करून चोराच्या हाती चाक गेलेली सायकल लागते.

या पद्धतीची खरी किंमत मापात कळते. ‘नो पार्किंग’च्या पाटीचा खांब बहुधा दोन इंची पाइपचा असतो, बाहेरून सुमारे ६० मिलिमीटर. त्याला लागून सायकल उभी केली तर खांबाचे ६ सेंटिमीटर, खांब आणि चाक यांच्यामधले अंदाजे ३ आणि टायरचे ४ ते ५, असे १३-१४ सेंटिमीटर होतात. आतून १५ सेंटिमीटर लांब आणि ८ रुंद असे छोटे कुलूप पुरते आणि हत्याराला जागा उरत नाही. सीटची नळीही आत घ्यायची ठरवली तर २० सेंटिमीटरच्या पुढचे कुलूप लागते आणि मागच्या हिशेबातला फायदा निसटतो.

काळ्या सायकलीवर मात्र ही पद्धत तशीच लागू करता येत नाही. मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरिअरचे दांडे त्रिकोणातली जागा अडवतात. तिला सुमारे मीटरभर लांबीची साखळी योग्य: मागच्या चाकातून, चौकटीतून आणि खांबाभोवती, दोन फूट उंचीवर, वळसे घालून सैलपणा संपवलेली. महावितरणच्या जाड खांबालाही साखळीशिवाय पर्याय नसतो.

खांबाची परीक्षा कुलपाइतकीच कसून करावी. तो हलवून पाहावा. उंची कमी असेल तर सायकल वरून उचलून काढता येते. पाटीचे बोल्ट ढिले असतील तर उंच खांबावरूनही. फुटपाथच्या कठड्याचे चौकोनी पाइप पातळ असतात आणि वेल्डिंग गंजलेले असते, तिथे कुलपाला कुणी हात लावत नाही, कठडाच वाकवला जातो. झाडाला साखळी घालू नये. साल सोलली जाते, आणि झाड पातळ असेल तर तेच कापले जाते.

पुढच्या चाकाचा प्रश्न क्विक रिलीजने, म्हणजे पान्याशिवाय उघडणाऱ्या आसाने, निर्माण केला. शर्यतीत चाक झटकन काढता यावे म्हणून इटलीच्या टुलिओ काम्पान्योलो यांनी काढलेली ही सोय शहरातल्या फुटपाथवर चोराच्या कामी येते. तिथे अ‍ॅलन कीने आवळायचा आस किंवा खास किल्लीचा नट बसवावा. जुन्या सायकलचे चाक पंधराच्या पान्याने निघते, पण तेवढ्यासाठी पाना घेऊन फिरणारे कमी. सीटसाठी एक जुनी युक्ती आहे: सायकलच्या टाकाऊ चेनचा तुकडा ट्यूबमध्ये घालून सीटखालच्या दांड्यांतून आणि मागच्या नळ्यांमधून ओवायचा आणि चेन तोडायच्या अवजाराने पिन ठोकून बंद करायचा. पंक्चरच्या कुठल्याही दुकानात हे काम होते.

रात्रभर किंवा दिवसभर ठेवायचे असेल तर दोन वेगळ्या जातींची कुलपे लावावीत, एक यू-लॉक आणि एक साखळी. दोन्हींना दोन वेगळी हत्यारे लागतात.

बरोबर नेणे

कुलपाचे जास्तीत जास्त अपयश इथे होते. घरी राहिलेले तीन किलोचे कुलूप काहीच राखत नाही. म्हणून निवड करतानाच ते कुठे टांगणार हे ठरलेले असावे.

पहिला उपाय म्हणजे शक्य तेवढे वजन न नेणे. ज्या दोन जागी सायकल सर्वांत जास्त वेळ उभी असते, म्हणजे घर आणि कामाची जागा, तिथे जड साखळी कायमची ठेवावी. कचेरीतल्या रॅकला ती अडकवलेली राहू द्यावी. सोसायटीत भिंतीला किंवा जमिनीला पोलादी कडे बसवून घ्यावे: भरीव काँक्रीटमध्ये, पोकळ ब्लॉकच्या भिंतीत नव्हे, आणि बोल्टची डोकी अशी की पान्याने उघडणार नाहीत. चारचाकींसाठी पांढऱ्या रेघा आखणाऱ्या व्यवस्थापन समित्यांनी अशी दहा कडी बसवली तर खर्च किरकोळ आणि फायदा साऱ्यांचा. मग रस्त्यावर नेण्यासाठी फक्त छोटे कुलूप उरते.

ते चौकटीवर न्यायचे तर ब्रॅकेट लागते. कुलपाबरोबर मिळणारे ब्रॅकेट बहुधा गोल नळीसाठी असते आणि लंबगोल किंवा फार जाड नळीवर ते खड्ड्याखड्ड्याला फिरते. पट्टा आणि नळी यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालावी; रंग वाचतो आणि पकड वाढते. कार्बनच्या चौकटीवर मात्र पट्टा आवळूच नये, कारण ती नळी बाहेरून येणारा दाब सोसण्यासाठी केलेली नसते. तिथे बाटलीच्या पिंजऱ्याच्या दोन बोल्टांवर बसणारे ब्रॅकेट घ्यावे. जागा निवडताना सायकल उभी करून पायडल उलटे फिरवावे आणि गुडघा, पोटरी, टाच यांपैकी काही घासते का ते पाहावे. वजन जितके खाली आणि मध्ये, तितका तोल कमी बिघडतो. कमान खडखडत असेल तर तिच्यावर ट्यूबचा तुकडा चढवावा. खडखडाट नुसता कानाला त्रास देत नाही, त्यातूनच ब्रॅकेटचे स्क्रू ढिले होतात.

कॅरिअर असेल तर प्रश्न सोपा आहे. कॅरिअरच्या स्प्रिंगच्या चिमट्यात यू-लॉक आडवे ठेवून वर ट्यूबचा पट्टा दोन वेढ्यांनी बांधावा, जसा दूधवाले किटल्यांना बांधतात. आकड्यांचा रबरी दोर टाळावा. आकडा निसटून स्पोकमध्ये गेला तर चाक जागच्या जागी अडते.

हँडलला कुलूप टांगणे ही सर्वांत धोक्याची सवय आहे, आणि शाळकरी मुलांत ती सर्रास दिसते. हेलकावणारे वजन वळताना हँडल ओढते आणि साखळीचे टोक पुढच्या चाकात गेले तर मागचे चाक उचलले जाऊन सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. घरात शाळेला सायकलने जाणारे मूल असेल तर आज संध्याकाळी हे एकदा पाहून घ्यावे.

साखळी कमरेला बांधायची पद्धत निरोप्यांमध्ये आणि रोज सायकल चालवणाऱ्यांमध्ये आहे. दीड किलो वजन कमरेवर फारसे जाणवत नाही. मात्र ती कधीही कुलूप लावून बांधू नये. अपघातात किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. यासाठी केलेल्या साखळ्यांना बेल्टसारखे निराळे बक्कल असते ते त्यामुळेच. पाठपिशवीत यू-लॉक न्यायचे झाल्यास ते पाठीच्या कण्यालगत नको. पडल्यावर पोलाद आणि कणा यांच्यामध्ये निदान कपड्यांची किंवा वह्यांची थप्पी असावी.

किल्ली, पाऊस, क्रमांक

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यातले कुलूप चोरापेक्षा गंजाने जास्त अडते. लावताना किल्लीचे भोक खालच्या बाजूला ठेवावे. पाणी आत जात नाही आणि छिन्नी धरायलाही जागा अडचणीची होते. भोकात ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडे वंगण घालावे. घट्ट तेल धूळ धरते आणि पावसाळा संपेपर्यंत आत चिखल होतो. किल्लीवर किंवा तिच्या बिल्ल्यावर क्रमांक असतो, त्यावरून काही कंपन्या दुसरी किल्ली करून देतात. तो लिहून ठेवून बिल्ला किल्ल्यांच्या जुडग्यातून काढून टाकावा, कारण क्रमांक पाहणाऱ्यालाही तेवढेच पुरते.

असाच एक क्रमांक सायकलच्या चौकटीवर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पायडलच्या आसाच्या नळीखाली. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत, त्यामुळे सायकलीची कुठेतरी नोंद राही. आता ती नोंद मालकालाच ठेवावी लागते. सायकल उलटी करून त्या क्रमांकाचा फोटो, खरेदीचे बिल आणि सायकलची एखादी ओळखीची खूण, जसे वेल्डिंगचा डाग किंवा बदललेले पायडल, हे एकत्र ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिला असेल आणि माल परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. जुनी काळी सायकल याच पाच हजारांच्या आत येते. ती परत मिळण्याची वेळ आली आणि ठाण्याच्या आवारात तशाच दहा काळ्या सायकली उभ्या असल्या, तर आपली कोणती हे हवालदाराला दाखवायला तो ठोकलेला क्रमांक लागतो.